पदकांचे व्याकरण : जेम्स मॅगिनिस या नौसैनिकाची युद्धकालीन कारकीर्द

१

युद्धेतिहासाच्या साधनांमध्ये नाणी, ताम्रपट व दफ्तरे यांचा विचार जितक्या काटेकोरपणे होतो तितका पदकांचा होत नाही. संग्राहक पदकाकडे मूल्यवान वस्तू म्हणून पाहतात, कुटुंबीय ते स्मृतिचिन्ह म्हणून जपतात आणि चरित्रकार नायकाच्या गौरवाच्या परिच्छेदात त्याचा उल्लेख करून पुढे जातात. वास्तविक पदक म्हणजे राज्यसंस्थेने आपल्या एका सेवकाविषयी केलेले अधिकृत विधान होय. ते कोणत्या धातूचे असावे, त्याचा आकार कसा असावा, त्याला कोणते नाव असावे आणि मुख्य म्हणजे ते कोणाला द्यावे व कोणाला देऊ नये, हे सारे नियमांनी बांधलेले असते. भाषेचे व्याकरण ठाऊक नसलेला मनुष्य सुट्या शब्दांवरून वाक्याचा अर्थ लावू पाहतो आणि फसतो. पदकांची रांग पाहून सैनिकाची कारकीर्द वाचू पाहणाऱ्याचीही अशीच गत होण्याचा संभव असतो.

अशा वाचनाच्या मुळाशी एक गृहीतक असते. जितके शौर्य मोठे तितके पदक मोठे, असे ते गृहीतक आहे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश आरमाराच्या बाबतीत ते पूर्णपणे टिकत नाही. कारण कृती आणि पदक यांच्यामध्ये सैनिकाचा हुद्दा उभा होता. या विधानाची तपासणी करण्यास जेम्स जोसेफ मॅगिनिस या लीडिंग सीमनची कारकीर्द विशेष उपयोगी पडते. मॅगिनिसला व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि ज्या छोट्या पाणबुडीवर त्याने तो मिळविला तीवरील चार माणसांना तीन निरनिराळे सन्मान देण्यात आले. एकच मोहीम, एकच बोट, एकच मृत्यूची शक्यता आणि तीन सन्मान, असा हा प्रसंग आहे.

२

मॅगिनिसचा जन्म २७ ऑक्टोबर १९१९ रोजी बेलफास्ट शहराच्या पश्चिम भागात एका कॅथलिक कामगार कुटुंबात झाला. ३ जून १९३५ रोजी, सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, तो आरमारात बालखलाशी म्हणून दाखल झाला. त्याच्या आडनावाचे मूळ लेखन वेगळे होते. भरतीच्या वेळी त्याने ते ‘मॅगिनिस’ असे करून घेतले आणि इतिहासाने तेच स्वीकारले.

युद्धाच्या पहिल्या पर्वात तो निरनिराळ्या युद्धनौकांवर होता. त्यांपैकी ‘कंदाहार’ ही विनाशिका १९ डिसेंबर १९४१ रोजी लिबियातील त्रिपोलीजवळ पाणसुरुंगावर आदळली. तिला वाचविणे अशक्य ठरल्यामुळे दुसऱ्या दिवशी ती आपल्याच पक्षाकडून बुडविण्यात आली. या आपत्तीतून मॅगिनिस वाचला. डिसेंबर १९४२ मध्ये त्याची नेमणूक पाणबुडी-दलात झाली आणि मार्च १९४३ मध्ये विशेष धोक्याच्या कामगिरीसाठी त्याने स्वेच्छेने नाव दिले. ही कामगिरी म्हणजे ‘एक्स’ वर्गातील चिमुकल्या पाणबुड्यांवरील सेवा. सुमारे पन्नास फूट लांबीच्या आणि तीस टन वजनाच्या या बोटीत चार माणसे कशीबशी मावत. बाहेर पडून पाण्याखाली काम करण्यासाठी बोटीत एक पाणबुड्या असे. मराठीत ‘पाणबुडी’ आणि ‘पाणबुड्या’ हे दोन्ही शब्द एकाच घडणीचे आहेत. या बोटीवर यंत्र व माणूस यांचे काम खरोखरच एकमेकांत इतके गुंतलेले होते. मॅगिनिसने पाणबुड्याचे शिक्षण घेतले.

सप्टेंबर १९४३ मध्ये नॉर्वेतील कोफ्योर्ड या खाडीत नांगरलेल्या ‘तिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करण्यासाठी अशा सहा बोटी पाठविण्यात आल्या. मोठ्या पाणबुड्यांनी त्या ओढून नेल्या. या प्रवासास आठवड्याहून अधिक काळ लागणार असल्यामुळे प्रत्येक बोटीस दोन तुकड्या दिलेल्या होत्या. एका तुकडीने प्रवासात बोट सांभाळावयाची आणि लक्ष्य जवळ आल्यावर ती ताज्या दमाच्या दुसऱ्या तुकडीच्या हवाली करावयाची, अशी ही योजना होती. मॅगिनिस ‘एक्स-७’ या बोटीच्या प्रवासी तुकडीत होता. प्रवासी तुकडीचे काम गौण होते असे समजण्याचे कारण नाही. ‘एक्स-९’ ही बोट वाटेतच नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर तिची प्रवासी तुकडीही गेली. २२ सप्टेंबर रोजी ‘एक्स-६’ व ‘एक्स-७’ या बोटींनी ‘तिर्पिट्झ’खाली स्फोटके टाकली आणि ती नौका कित्येक महिने निकामी झाली.

या मोहिमेसाठी मॅगिनिसच्या नावाचा उल्लेख अधिकृत अहवालात करण्यात आला. ‘अहवालातील उल्लेख’ ही ब्रिटिश सन्मानव्यवस्थेची सर्वांत खालची पायरी. तिला स्वतंत्र पदक नसते; युद्धपदकाच्या फितीवर ओकच्या पानाचे एक लहानसे कांस्यचिन्ह लावावयाचे, एवढेच. परंतु या पायरीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. त्या काळच्या नियमांनुसार मृत सैनिकाला शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस तरी मिळे किंवा अहवालातील उल्लेख तरी. मधली पदके मरणोत्तर देता येत नसत. त्यामुळे कांस्याचे तेच पान एखाद्या ठिकाणी दीर्घ व कष्टाच्या सेवेची नोंद असते, तर दुसऱ्या ठिकाणी प्राणार्पणाची. केवळ पान पाहून हा भेद सांगता येत नाही.

३

१९४५ च्या उन्हाळ्यात युद्धाचा रोख पूर्वेकडे वळला होता. सिंगापूर जपानच्या ताब्यात होते आणि ते परत घेण्याची सिद्धता ब्रिटिश करीत होते. सिंगापूरच्या उत्तरेस असलेल्या जोहोरच्या सामुद्रधुनीत ‘ताकाओ’ आणि ‘म्योको’ या दोन जपानी क्रूझर नौका उभ्या होत्या. ब्रिटिश सेना जमिनीवर उतरू लागल्यास या नौकांच्या तोफा तिला अडवतील, अशी भीती होती. ‘म्योको’साठी ‘एक्सई-१’ आणि ‘ताकाओ’साठी ‘एक्सई-३’ या सुधारलेल्या चिमुकल्या पाणबुड्यांची निवड झाली. ‘एक्सई-३’चा प्रमुख लेफ्टनंट इयन फ्रेझर हा होता. त्याच्या हाताखाली न्यूझीलंडच्या स्वयंसेवक आरमारी दलातील सब-लेफ्टनंट विल्यम स्मिथ, इंजिनखान्याचा कारागीर चार्ल्स रीड आणि पाणबुड्या मॅगिनिस असे तिघे होते.

‘स्टिजियन’ या पाणबुडीने ओढून आणलेली ‘एक्सई-३’ ३० जुलैच्या रात्री अकरा वाजता मोकळी झाली. शत्रूची श्रवणयंत्रे चुकविण्यासाठी फ्रेझरने सुरक्षित मार्ग मुद्दाम सोडला आणि बोट सुरुंग पेरलेल्या पाण्यातून नेली. ३१ जुलैच्या दुपारी, भर उजेडात, ती ‘ताकाओ’च्या तळाखाली शिरली. पाणी उथळ होते आणि ओहोटी लागलेली होती. बोट क्रूझरच्या तळाखाली इतकी घट्ट अडकली की, पाणबुड्याने बाहेर पडावयाचे झाकण पुरते उघडेना. मॅगिनिस त्या अरुंद फटीतून अंग आकसून बाहेर पडला.

त्याने करावयाचे काम सांगण्यास सोपे होते. खडकाला चिकटून राहणाऱ्या एका शिंपल्याचे नाव मिळालेले ‘लिंपेट’ नावाचे चुंबकीय सुरुंग नौकेच्या तळाला लावावयाचे. परंतु तळ शिंपल्यांच्या व शेवाळाच्या थरांनी भरलेला होता आणि त्याला तीव्र उतार होता, त्यामुळे सुरुंग धरीनात. प्रत्येक सुरुंगासाठी त्याला आधी जागा खरवडून साफ करावी लागली. मग सुरुंगांच्या जोड्या करून त्या नौकेच्या कण्याखालून दोरी ओढून बांधाव्या लागल्या. त्यातच त्याच्या श्वसनयंत्रातून प्राणवायू गळत होता आणि त्याचे बुडबुडे पृष्ठभागाकडे जात होते. ते शत्रूच्या पाहऱ्यावरील माणसाच्या दृष्टीस पडले असते तर सर्वांचाच शेवट झाला असता. बरोबर आणलेले सर्व सुरुंग लावून झाल्यावरच तो आत परतला, तेव्हा त्याच्या अंगात त्राण उरले नव्हते.

मोठ्या खटपटीनंतर बोट क्रूझरच्या खालून सुटली. आता सुरुंग वाहून आणणाऱ्या रिकाम्या पेट्या टाकून द्यावयाच्या होत्या, पण त्यांपैकी एक सुटेना. ती तशीच राहिली तर बोट नीट चालविणे अशक्य होते. थकलेला मॅगिनिस स्वतः होऊन पुन्हा पाण्यात उतरला आणि सात मिनिटे खटपट करून त्याने ती पेटी मोकळी केली. जाण्यायेण्याचा सुमारे ८० मैलांचा धोक्याचा मार्ग पार करून बोट परतली. त्याच रात्री ‘ताकाओ’च्या तळाला स्फोटाने मोठे भगदाड पडले.

येथे इतिहासाने नमूद केलेली एक अडचणीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. ‘ताकाओ’ ही त्या वेळी समुद्रात जाऊ शकणारी नौकाच राहिली नव्हती. २३ ऑक्टोबर १९४४ रोजी पलावानजवळ ‘डार्टर’ या अमेरिकन पाणबुडीने टॉर्पेडो मारून तिला लंगडी केले होते आणि सिंगापुरात ती विमानविरोधी तोफांचा तरता मंच म्हणून उभी करून ठेवलेली होती. हल्ल्यानंतर पंधरवड्यात, १५ ऑगस्ट रोजी, जपानने शरणागती जाहीर केली आणि १२ सप्टेंबर रोजी सिंगापुरात शरणागतीवर सह्या झाल्या. ज्या चढाईसाठी हा धोका पत्करला होता ती युद्ध म्हणून लढावीच लागली नाही. पदकाचा निकष परिणामाचा असता, तर या मोहिमेचे मोल फार कमी भरले असते. परंतु सन्मान कृतीला होता. कृती करणाऱ्याला ठाऊक असलेल्या परिस्थितीतच तिचे मोल करावे लागते. हा दंडक पदकव्यवस्थेने येथे पाळला, हे मान्य केले पाहिजे.

४

१३ नोव्हेंबर १९४५ च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये फ्रेझर व मॅगिनिस या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. स्मिथला ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ मिळाली आणि रीडला ‘कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल’. व्यवस्था न जाणणाऱ्या वाचकाला येथे असे वाटेल की, स्मिथच्या आणि रीडच्या कामगिरीत राज्यकर्त्यांना काही गुणभेद दिसला असावा. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ ही १८८६ मध्ये अधिकाऱ्यांसाठी स्थापन झाली. ‘कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल’ हे आरमारातील अधिकारी नसलेल्या सैनिकांसाठी १८५५ मध्ये निघाले आणि १८७४ मध्ये कायम झाले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या खालोखालच्या शौर्याला अधिकाऱ्याच्या बाबतीत पहिले नाव होते आणि खलाशाच्या बाबतीत दुसरे. स्मिथ अधिकारी होता, रीड नव्हता; भेद एवढाच.

हा योगायोग नव्हता, हे ‘तिर्पिट्झ’वरील हल्ल्यावरून सिद्ध होते. ‘एक्स-६’चा प्रमुख डोनाल्ड कॅमेरॉन यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच्या बोटीवरील लॉरिमर व केंडल या दोन अधिकाऱ्यांना ‘ऑर्डर’ मिळाली आणि कारागीर गॉडर्ड यास ‘मेडल’. दोन वर्षांच्या अंतराने, दोन भिन्न समुद्रांत, नियमाने तेच रूप सिद्ध केले. त्याच्या खालच्या पायरीवरही अशीच जोडी होती. ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ अधिकाऱ्याला व ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ खलाशाला. १९१४ च्या ऑक्टोबरात ही जोडी अस्तित्वात आली.

यातील शब्दयोजना लक्ष देण्याजोगी आहे. अधिकाऱ्याला ‘ऑर्डर’ किंवा ‘क्रॉस’ आणि इतरांना ‘मेडल’, असा हा विभाग आहे. ‘ऑर्डर’ या शब्दामागे मध्ययुगीन सरदारांच्या मंडळांची परंपरा आहे. ती व्यक्तीला एका प्रतिष्ठित वर्गात सामील करून घेते. ‘मेडल’ हा शब्द नाण्यासारख्या गोल धातूच्या तुकड्याचा वाचक आहे. तो दिला जातो आणि देण्याची क्रिया तेथेच संपते. मराठीत या सर्वांना ‘पदक’ म्हणण्याचा प्रघात आहे. भाषांतराच्या दृष्टीने तो सोयीचा असला, तरी इंग्रजीतला वर्गभेद त्यात पुसला जातो आणि मराठी वाचकाला मूळ व्यवस्था होती त्याहून अधिक समतेची भासते.

व्हिक्टोरिया क्रॉस हा या नियमाला अपवाद म्हणूनच जन्मला. २९ जानेवारी १८५६ च्या सनदेने तो स्थापन करताना हुद्दा, सेवेची वर्षे किंवा जखमा यांपैकी कशाचाही विचार न करता केवळ शौर्य पाहावे, असे स्पष्ट करण्यात आले. तरीही व्यवहारात भेद पूर्णतः गेला नाही. क्रॉसबरोबर वर्षाला १० पौंडांचे वेतन ठरविले होते, ते अधिकारी नसलेल्यांनाच. १९५९ मध्ये सर्वच मानकऱ्यांना वर्षाला १०० पौंड देण्याचे ठरले. येथे भेदाची दिशा उलट आहे, तथापि अधिकाऱ्याला पैशाची गरज नसते आणि खलाशाला असते, हे गृहीतक त्याच वर्गदृष्टीचे आहे.

फ्रेझर आणि मॅगिनिस यांच्या प्रशस्तींची भाषा तुलनेने वाचली असता आणखी एक सूक्ष्म भेद दिसतो. फ्रेझरच्या प्रशस्तीचा भर निर्धारावर आहे. त्याने काय ठरविले आणि इतरांनी माघार घेतली असती तेथे तो कसा ढळला नाही, हे तीत सांगितले आहे. मॅगिनिसच्या प्रशस्तीतील क्रियापदे श्रमाची आहेत. फटीतून अंग काढणे, खरवडणे, बांधणे, सोडविणे, अशी ती मालिका आहे. तो दुसऱ्यांदा बाहेर गेला याचे कारणही तीत दिले आहे. कमी अनुभवी पाणबुड्यावर ते काम पडू नये, हे ते कारण होय. म्हणजे अधिकाऱ्याचे शौर्य इच्छाशक्तीच्या भाषेत आणि खलाशाचे शौर्य कसबाच्या भाषेत लिहिले गेले. क्रॉस एकच, पण गद्य दोन प्रकारचे. असे असले तरी दुसरे गद्य कमी प्रतीचे म्हणता येत नाही. कारण जिवावरचे संकट आले असता आपले काम नीट करणे म्हणजे काय, याचे इतके तपशीलवार चित्र अधिकृत कागदपत्रांत क्वचित आढळते.

युद्धातील सर्वसाधारण तारका-पदकांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९३९-४५ ची तारका, अटलांटिक तारका, आफ्रिका तारका इत्यादी पदके शौर्याची नसून उपस्थितीची आहेत. ठराविक मुदतीत ठराविक समुद्रावर सेवा केली की ती मिळत, आणि हुद्द्याचा भेद त्यांत नव्हता. ब्रिटिश सैनिकांना ती नाव न कोरताच देण्यात आली. याउलट व्हिक्टोरिया क्रॉसच्या मागील बाजूस कृतीची तारीख आणि वरच्या पट्टीच्या मागे मानकऱ्याचे नाव कोरलेले असते. एकीकडे अनामिक समुदाय आणि दुसरीकडे नाव व दिवस यांनी निश्चित केलेली व्यक्ती, अशी दोन टोके नौसैनिकाच्या एकाच छातीवर शेजारी शेजारी असत.

५

राज्यसंस्थेने हुद्द्याचा अडसर एकदा बाजूला सारला, म्हणून समाजानेही तो सारला असे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा उत्तर आयर्लंडचा मॅगिनिस हा एकमेव मानकरी. बेलफास्टच्या नागरिकांनी शिलिंग-शिलिंग गोळा करून त्याच्यासाठी ३,००० पौंडांहून अधिक निधी उभारला. परंतु नगरपालिकेच्या हाती असलेला ‘नगराचे स्वातंत्र्य’ हा सर्वोच्च मान त्याला मिळाला नाही. शहरातील धर्मभेद आणि वर्गभेद यांच्याशी अनेकांनी याचा संबंध जोडला आहे. कॅथलिक कामगाराचा मुलगा एका पक्षाला आपला वाटला नाही, आणि ब्रिटिश गणवेष घातलेला माणूस दुसऱ्या पक्षातील अनेकांना आपला वाटला नाही.

१९४९ मध्ये त्याने आरमार सोडले. निधी संपला, हातात पैसा राहिला नाही आणि एका वेळी त्याने आपला क्रॉस विकला. पुढे तो त्याच्याकडे परत आला. १९५५ मध्ये तो यॉर्कशायरला गेला आणि विजेच्या कामावर त्याने संसार चालविला. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी तो वारला. त्याच वर्षी त्याच्या क्रॉसचा लिलाव झाला आणि मायकेल अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी तो घेतला. जगातील सर्वांत मोठ्या खासगी व्हिक्टोरिया क्रॉस-संग्रहातील तो पहिला क्रॉस होय. बेलफास्टच्या नगरभवनाच्या आवारात त्याचे स्मारक उभे राहिले ते ८ ऑक्टोबर १९९९ रोजी, म्हणजे कृतीनंतर चोपन्न वर्षांनी.

६

भारतीय अभ्यासकाला या व्यवस्थेचा परिचय दुसऱ्या एका बाजूने आहे. १९११ पर्यंत ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातील एतद्देशीय सैनिकाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळूच शकत नव्हता. तेथे हुद्द्याच्या जोडीला वंशाचाही अडसर होता. तो दूर झाल्यानंतरच नाईक यशवंत घाडगे (मरणोत्तर, १९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (१९४५) या मराठा पलटणीतील वीरांची नावे त्या यादीत येऊ शकली. त्यापूर्वीच्या मराठी शिपायाच्या नावापुढे क्रॉस नाही, म्हणून त्याच्या शौर्याविषयी कोणतेही अनुमान काढता येत नाही. नियमाने निर्माण केलेली ती अनुपस्थिती आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी स्वतंत्र भारताने परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र यांची स्थापना केली तेव्हा अधिकारी व शिपाई यांसाठी निरनिराळी नावे ठेवली नाहीत. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी मेजर सोमनाथ शर्मा आणि नाईक जदुनाथ सिंग या दोघांना मरणोत्तर मिळालेले परमवीर चक्र एकच आहे. आरमारापुरते पाहावयाचे तर १९७१ च्या युद्धात ‘खुखरी’ नौकेबरोबर जलसमाधी घेणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि पूर्व आघाडीवर लढलेले लीडिंग सीमन चिमण सिंग या दोघांनाही महावीर चक्रच मिळाले. चिमण सिंग यांचा हुद्दा आणि मॅगिनिसचा हुद्दा एकच. ब्रिटनने हा भेद १९९३ मध्ये रद्द केला. ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ सर्वांना खुला झाला आणि रीडला मिळालेल्या ‘कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल’ची परंपरा त्या वेळी संपली.

सारांश, नौसैनिकाच्या पदकांवरून त्याची कारकीर्द लिहिताना तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. हे पदक त्याला मिळण्याजोगे होते काय? त्याच कृतीसाठी दुसऱ्या हुद्द्याच्या माणसाला कोणते पदक मिळाले असते? आणि जे पदक त्याच्या छातीवर नाही ते कोणत्या नियमामुळे नाही? मॅगिनिसच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर १८५६ च्या सनदेने अनुकूल करून ठेवले होते, म्हणून त्याचे नाव राहिले. त्याच बोटीत, त्याच दुपारी, क्रूझरच्या तळाखाली अडकून बसलेल्या चार्ल्स रीडचे नाव फारसे कोणी घेत नाही. पदकांचे व्याकरण समजून घेण्याचा खरा उपयोग अशा नावांपर्यंत पोहोचण्यासाठी आहे.